साठ नये पैशांचा वेताळ

मार्च १९६४मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक काढला. नायक होता ली फॉक यांचा फॅन्टम, म्हणजे आमचा वेताळ. इंग्रजी अंकाचं नाव ‘द फॅन्टम्स बेल्ट’, किंमत ६० नये पैसे. (पैशांमागचं ते ‘नये’ त्याच वर्षी जूनमध्ये गेलं.) मालिकेच्या उभारणीत अनंत पै होते, १९६७मध्ये टाइम्स सोडून ते ‘अमर चित्रकथा’कडे वळले. एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. ज्यांना ६० पैसे परवडत नव्हते त्यांच्यापर्यंत वेताळ कसा पोचला, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. कल्याण सोडून गाडी कर्जतच्या वाटेला लागली की येणाऱ्या आमच्या गावांमध्ये खरी गोष्ट ती आहे, म्हणून मी लिहिते.

माझे वडील अंबरनाथला विम्कोत, काडेपेटीच्या कारखान्यात होते. स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवरचं कोरं कॉमिक घरी येणं शक्यच नव्हतं. पहिला अंक आमच्याकडे आला तो उल्हासनगरहून, मुखपृष्ठ सुटलेला, कोपरे दुमडून मऊ झालेले. दादाने आणला. मुलींना एकटं स्टेशनपलीकडे सोडत नसत, त्यामुळे काय आणायचं ते तोच ठरवायचा. मी फक्त तो झोपायची वाट बघायची.

उल्हासनगर त्या वेळी जेमतेम पंधरा वर्षांचं होतं. दुसऱ्या महायुद्धात उभारलेली लष्कराची छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. मधे गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी संसार मांडलेले. जो तो काहीतरी करून विकत होता: पापड, लोणची, गोळ्या-बिस्किटं. पुस्तकं भाड्याने देणं हाही त्यातलाच एक धंदा. दुकानाच्या तोंडाशी सुतळी ताणून तिच्यावर चिमट्यांनी अंक टांगलेले असत. बाकड्यावर बसून वाचायचं तर एक दर, घरी न्यायचं तर दुप्पट, शिवाय अनामत. अंक फाटला की दुकानदार गव्हाच्या खळीने चिकटवायचा, शिवण सुटली की दाभणाने टाके घालायचा. एक अंक किती हातांतून गेला असेल याचा हिशोब लागणार नाही, पण खपाच्या कुठल्याही आकड्यात आम्ही नाही एवढं नक्की.

हे जमलं कारण अंक हिंदी-मराठीतही निघत होते. सिंधी मुलं हिंदी वेताळ घेत, आम्ही मराठी. हवा तो अंक आपल्या भाषेत नसला की दुसऱ्या भाषेतला उचलायचा. माझं हिंदी शाळेआधी त्या अंकांतून झालं, आणि कॅम्पातल्या कितीतरी मुलांना मराठीची गोडी लागली ती वेताळामुळे, असं मी आजही छातीठोकपणे सांगते.

पण वेताळच का रुजला? पहिल्याच अंकात मुलगा वडिलांच्या मारेकऱ्याचा माग काढतो आणि त्याने नेलेला त्यांचा पट्टा परत मिळवतो. त्यामागची मूळ कथा त्याहून जुनी. १५३६ साली चाचे जहाज लुटतात, बापाला मारतात, एक तरुण एकटा किनाऱ्याला लागतो. घर नाही, माणूस नाही, परतीची वाट नाही. तिथलेच लोक त्याला जगवतात, तो तिथलाच होऊन जातो आणि चाच्यांशी लढायची शपथ घेतो. त्याचा मुलगा तेच काम उचलतो, मग त्याचा मुलगा, असे एकवीस वेताळ. मला वाटतं, सगळं मागे टाकून आलेल्या आई-बापांच्या पोरांना ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली नाही. आणि अंबरनाथच्या कारखान्यांत बापाच्या जागी मुलगा लागावा, ही तर घराघरातली आस होती. सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून ताकद घेऊन आला. वेताळाकडे ताकद म्हणून काही नव्हतं, वडिलांनी खांद्यावर टाकलेली जबाबदारी तेवढी होती. आजीला तर वेताळ गावच्या वेशीवरचा म्हणून आधीच ठाऊक. ती आम्हाला रात्री ते पुस्तक उशाशी घेऊ देत नसे.

या कथेत एक दुखरी जागा आहे. गोरा माणूस मुखवटा घालून जंगलातल्या काळ्या माणसांचा न्यायनिवाडा करतो, आणि ते त्याला अमर मानतात. मोठेपणी परत वाचताना मला ते टोचलं, अजून टोचतं. प्रकाशकांनी नावं तेवढी बदलली. बंगालशी घोळ नको म्हणून वेताळाच्या देशाचं नाव डेंकाली केलं, सिंग चाच्यांचे ‘सिंगा’ झाले, पहिल्या अंकातला बापाचा मारेकरी रामा ‘रामालू’ झाला. चौकट तीच राहिली. तरी डायना पामर मी कधीच विसरणार नाही. ऑलिंपिकपर्यंत पोचलेली, संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी बाई मला पहिल्यांदा भेटली ती या पानांत, दिव्याखाली, दादा झोपल्यावर.

पहिले ३२ अंक वेताळाचे. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. डिसेंबर १९७६मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून, डाकूंशी लढणारा. घरोघरी टीव्ही आला तशी भाड्याची दुकानं आटली, आणि १९९०मध्ये इंद्रजाल बंद पडलं.

दादाने पुढे रद्दीवाल्यांकडून मराठी अंक जमवून त्यांचे जाड खंड बांधले होते. तो बदलापूरला तळमजल्यावर राहायला गेला आणि २६ जुलै २००५ला उल्हास नदी घरात शिरली. चार दिवसांनी आम्ही ते खंड उघडायला गेलो तर लगदा हाताला आला.

इंग्रजी अंक जपणारे संग्राहक देशभर आहेत. मराठी अंक मात्र भाड्याच्या दुकानांत फाटेपर्यंत वाचले गेले आणि मग किलोवर गेले. अंबरनाथ-बदलापुरात जुन्या चाळी पाडून इमारती उठत आहेत, रोज कुणाचा तरी माळा रिकामा होतो आहे. त्यात वेताळाचा मराठी अंक सापडला, मुखपृष्ठ नसलेला का असेना, तर तो रद्दीत घालू नका. गावातल्या वाचनालयात नेऊन द्या, आणि तो कुठल्या दुकानातून, कुणाच्या हातून तुमच्या घरी आला तेही आतल्या पानावर लिहून द्या.