सुंदा खेड्यांतील मिळकत व तिचा पुरावा

गांवच्या मिळकतीचा इतिहास लिहावयाचा म्हणजे प्रथम दप्तर सोडावयाचें, ही आपली रीत आहे. वतनपत्र, महजर, निवाडा, खरेदीखत यांपैकीं कांहीं हातीं लागल्यावांचून कोणती जमीन कोणाची होती हें सांगावयास आपण धजत नाहीं. ही रीत योग्यच आहे. परंतु जेथें कागद कधीं झालाच नाहीं, किंवा झाला तो जळून गेला, तेथें काय करावें? या प्रश्नाचा विचार करण्यास जावा बेटाच्या पश्चिम भागांतील सुंदा लोकांचीं खेडीं फार उपयोगी आहेत. कागद नाहीं म्हणजे मालकी नाहीं, असा नियम तेथील डच सरकारानें १८७० सालीं केला. तो नियम कितपत खरा होता, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सुंदा लोकांचा मुख्य प्रदेश प्रियांगान, म्हणजे बांडुंग, गारुत, तासिकमलाया, सुमेदांग व च्यांजुर यांच्या भोंवतालचा डोंगराळ मुलूख. यांची भाषा जावानी भाषेहून निराळी आहे. लेखनकला त्यांस ठाऊक नव्हती असें मुळींच नाहीं. बोगोर येथील बातुतुलिस शिलालेख शके १४५५ (इ. स. १५३३) मधील आहे. ‘सांघ्यांग सिक्साकांदांग कारेसियान’ ही पोथी शके १४४० (इ. स. १५१८) ची असून, ‘बुजांगा मानिक’ ही तालपत्रावरील पोथी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. परंतु हे लेख राजकुलाचे, आचारधर्माचे किंवा तीर्थाटनाचे आहेत. शेतकऱ्याच्या बांधाविषयीं ते बोलत नाहींत. याचें एक कारण असें दिसतें कीं, त्या काळची शेती मुख्यतः ‘हुमा’ होती. जंगल तोडून जाळावें, राखेंत भात टोंचावें, आणि पीक निघाल्यावर दुसरी जागा शोधावी, अशी ही आपल्याकडील कुमरीसारखी पद्धति होय. जें शेत टाकून पुढें जावयाचें त्याची चतुःसीमा लिहून कोण ठेवील? लेबाक जिल्ह्यांतील कानेकेस ऊर्फ बादुय लोक अद्यापि हुमाच करितात. नांगर व पाणथळ भातशेती हीं दोन्ही त्यांस निषिद्ध आहेत.

पाण्याखालचीं बांधबंदिस्तीचीं भातखाचरें, ज्यांस ‘सावाह’ म्हणतात, त्यांचा प्रसार प्रियांगानांत सतराव्या शतकांत मातारामच्या अमलाबरोबर वाढला. पुढें १६७७ व १७०५ च्या करारांनीं हा मुलूख डच कंपनीकडे गेला. कंपनीस धान्याचा सारा नको होता, कॉफी हवी होती. ती येथील ‘बुपातीं’मार्फत, म्हणजे ज्यांच्या पदवींत आपला ‘भूपति’ शब्द सहज ओळखूं येतो त्या सरदारांमार्फत, रयतेकडून सक्तीनें घेतली जाई. हिशेबाचें मान ‘चाचाह’, म्हणजे कुटुंब, हें होतें. जमिनीची मोजणी नव्हे. त्यामुळें दीड शतकाच्या कारभारांत असंख्य कागद झाले, पण ते कॉफीच्या वजनाचे व माणसांच्या गणतीचे झाले. अमुक खाचर अमुक शेतकऱ्याचें, हें लिहून ठेवण्याची कोणास गरज पडली नाहीं.

असें असतां गांवांत मालकी नव्हती काय? होती, आणि ती बरीच सूक्ष्म होती. जो रान तोडून खाचर करी त्याचा व त्याच्या वारसांचा त्यावर हक्क असे. मध्य जावांत सामायिक जमिनीची चाल पुष्कळ आढळते; प्रियांगानांत वैयक्तिक वंशपरंपरागत कबजाच प्रमुख होता. जमीन एकाची व झाड दुसऱ्याचें असूं शके; कारण झाड लावणाऱ्याचें, असा संकेत होता. घर लांकडाचें व बांबूच्या तट्ट्यांचें, दगडांवर उंच उभें केलेलें. तें उचलून दुसरीकडे नेतां येई, म्हणून त्याची गणना जमिनीबरोबर होत नसे. जमीन ‘गादे’ ठेवणें म्हणजे कबजेगहाण. सावकार व्याज न घेतां पीक खाई, आणि मुद्दल परत मिळतांच शेत सोडी. ‘मारो’ म्हणजे अर्धेलीनें केलेली शेती. कापणी ‘एतेम’ नांवाच्या हातांत मावणाऱ्या लहान पात्यानें एकेक लोंबी खुडून होई. कापणाऱ्यांस पेंढ्यांतला ठराविक वांटा मिळे. आणि बाकीचें भात ‘लेउइत’ नामक कोठारांत भाताची देवता न्यी पोहाची हिच्या नांवानें ठेवलें जाई.

विवाहांतील मिळकतीचे नियम तर विशेष लक्षांत घेण्यासारखे आहेत. नवराबायकोनें संसारांत मिळून जें मिळविलें तें दोघांचें. परंतु निर्धन पुरुषानें सधन स्त्रीशीं लग्न केल्यास त्यास ‘न्यालिंदुंग का गेलुंग’, म्हणजे ‘अंबाड्याच्या आडोशास जाणें’, असें म्हणतात. तेथें मिळकत स्त्रीच्या बाजूचीच राहते. उलट स्थितीस ‘मांगिह काया’, म्हणजे ‘संपत्ति सांपडणें’, असें नांव आहे. ज्या समाजानें अशा भेदांना स्वतंत्र नांवें दिलीं, त्यास मालकीची कल्पना नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. पुरावा होता, तो शेजाऱ्यांच्या साक्षींत, नांवांत व वहिवाटींत होता.

हा पुरावा लेखनिविष्ट करण्याचा एक योग १८११ त आला होता. त्या वर्षीं इंग्रजांनीं जावा घेतलें, आणि मोहिमेबरोबर कर्नल कॉलिन मॅकेंझी तेथें गेला. दक्षिणेंतील हस्तलिखितांच्या संग्रहामुळें त्याचें नांव वाचकांच्या परिचयाचें आहेच. १८१३ पर्यंत तो जावांत होता. जमीनधाऱ्याची चौकशी करणाऱ्या मंडळाचा तो अध्यक्ष होता, आणि तेथेंही त्यानें कागद व पोथ्या जमविल्या. त्या सुमारास रॅफल्सनें जावांत जमीनमहसूल लागू केला. परंतु कॉफीचें उत्पन्न बुडूं नये म्हणून प्रियांगान बहुतांशीं त्यांतून वगळलें. अर्थात् जेथें जमिनीच्या नोंदीची फार आवश्यकता होती तेथेंच ती झाली नाहीं. पुढें १८६७ सालीं डच सरकारानें जावा व मादुरा येथील रयतेच्या जमिनीवरील हक्कांची गांवोगांव चौकशी करविली. तिचा सारांश तीन खंडांत निघाला, पण त्यांतील पहिला खंड १८७६ सालीं प्रसिद्ध झाला.

तत्पूर्वींच, १८७० सालीं, जमीनविषयक कायदा होऊन गेला होता. ज्या जमिनीवर कोणी आपली मालकी सिद्ध करूं शकणार नाहीं ती सरकारची, असें जाहीर झालें. वहितींतील खाचरें शेतकऱ्यांकडे राहिलीं. परंतु पडीत टाकलेला हुमा, गुरचरण व डोंगरावरील रान हीं ‘ओसाड’ ठरलीं, आणि पंचाहत्तर वर्षांपर्यंतच्या पट्ट्यानें चहा व सिंकोना यांच्या मळेवाल्यांस मिळूं लागलीं. हुमा पडीत टाकणें हा ज्या शेतीचा नियमच होता, तिच्यांत पडीत जमीन बेवारशी मानणें म्हणजे वहिवाट न समजतां निवाडा करणें होय. हें जाहीर कलम १९६० च्या इंडोनेशियन जमीन कायद्यानें रद्द झालें.

आतां कागद जळाल्याचें उदाहरण. तासिकमलाया जिल्ह्यांत चिवुलान नदीच्या कांठीं काम्पुंग नागा नांवाचें खेडें आहे. सुमारें दीड हेक्टर जागेंत शंभराहून थोडीं अधिक घरें. सर्वांचीं छपरें ताडवर्गीय झाडाच्या काळ्या तंतूंचीं, भिंती बांबूच्या व चुन्यानें पांढऱ्या केलेल्या, आणि मुखें उत्तरेस किंवा दक्षिणेस. मत्स्यतळीं, न्हाणीघरें व भात कांडण्याचीं उखळें कुंपणाबाहेर. नदीपलीकडचें रान निषिद्ध आहे. त्यांत कोणी पाऊल टाकीत नाहीं. १९५६ सालीं कार्तोसुविर्योच्या दारुल इस्लाम बंडवाल्यांनीं हें गांव जाळलें. त्यांत गांवाच्या उत्पत्तीचे लेख नष्ट झाले, असें ग्रामस्थ सांगतात. या अवस्थेस त्यांच्या भाषेंत ‘पारेउम ओबोर’, म्हणजे ‘मशाल विझली’, असा शब्द आहे. मूळ पुरुष सेम्बाह दालेम सिंगापाराना कोण, कोठून व केव्हां आला, हें आज निश्चित सांगतां येत नाहीं.

तथापि गांव पुन्हा उभें राहिलें, आणि पूर्वींच्याच रीतीनें उभें राहिलें. घरांच्या दिशा, कुंपणाची मर्यादा, निषिद्ध रान, वर्षांतून सहा वेळां होणारा ‘हाजात सासिह’ हा विधि, यांपैकीं कशासही कागद लागला नाहीं. पूर्वज कोण हें विसरलें. पूर्वजांनीं आंखून दिलेली हद्द विसरली नाहीं.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. वहिवाट हा मिळकतीचा खरा पुरावा आहे. कागदाच्या अभावीं तिला शून्य मानणें हा अन्याय होय, व इतिहासदृष्ट्या प्रमादही होय. परंतु वहिवाट ‘कसें’ तेवढें राखते. ‘कोणी’ व ‘केव्हां’ हें कागदच सांगतो. म्हणून पोथी जमविणारानें पोथीबरोबर ती जेथें होती तेथील बांध, नांवें व चाली यांचीही टिपणें करावीं. काम्पुंग नागांत मंगळवार, बुधवार व शनिवार या दिवशीं पूर्वपीठिकेविषयीं बोलणें निषिद्ध आहे. संशोधकास चार वार उरतात. ते वायां घालवूं नयेत.