मदतफेरी (लोककलावंतांची)

पूर, दुष्काळ किंवा भूकंपात सापडलेल्या लोकांसाठी शाहीर, भजनी मंडळे, गोंधळी, कीर्तनकार आणि कलापथके गाऊन-वाजवून पैसे, धान्य व कपडे गोळा करतात, ती फेरी. या नोंदीत मुख्यतः बिदर-कलबुर्गीचा सीमाभाग आणि त्याला लागून असलेल्या मराठी मुलखाचा विचार केला आहे. महाराष्ट्रातील इतर दाखले ओघाने आले आहेत.

बिदर तालुक्यातले जनवाडा आणि आसपासची गावे मांजरेच्या खोऱ्यात येतात. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे ७२४ कि.मी. वाहून तेलंगणाच्या हद्दीवर गोदावरीला मिळते. वाटेत तेरणा, कारंजा अशा नद्या तिला येऊन मिळतात. लातूर-धाराशिवकडे ढग फुटले की भालकी आणि औराद तालुक्यांतल्या नदीकाठच्या शेतांत पाणी उभे राहते. कलबुर्गी जिल्ह्याची तऱ्हा अशीच. तिथे भीमा आहे. पाऊस पुणे-सोलापूरकडे पडतो, उजनीतून विसर्ग होतो आणि अफजलपूर, जेवर्गी तालुक्यांतली गावे पाण्याखाली जातात. ऑक्टोबर २०२० च्या पुरात हेच घडले. पाणी सोडणारे राज्य एक आणि पाणी घरात शिरणारे राज्य दुसरे, ही या भागाची कायमची अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात एकत्र होता. त्या दिवशी बिदर जिल्हाही विभागला गेला आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी बाजूला आले. गाणाऱ्याने मात्र ही हद्द कधी फारशी मानली नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठी, कानडी, उर्दू अशा अनेक भाषांत पदे रचली. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांत घातला जातो.

मदतफेरी ही शहरी ‘चॅरिटी शो’ची खेड्यातली नक्कल आहे, असे कधी कधी समजले जाते. हे बरोबर नाही. इथल्या बहुतेक लोकप्रकारांत मागणे हा कलेचाच भाग आहे. आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालून परडी घेऊन जोगवा मागतात. वासुदेव पहाटे दारात येतो आणि दान देणाऱ्याच्या पूर्वजांचे नाव घेतो. गोंधळी संबळ-तुणतुण्यावर देवीला बोलावतो, तेव्हा यजमान ओंजळीने देतो. जंगमाची झोळी आणि शरणांची दासोहाची, म्हणजे मिळवलेले वाटून देण्याची, शिकवण बसवकल्याणच्या परिसरात बाराव्या शतकापासून रुजलेली आहे. तमाशातली दौलतजादाही याच घराण्यातली; देणाऱ्याचे नाव पुकारायचे, रक्कम सांगायची आणि मग पुढचे कडवे घ्यायचे. पूर येतो तेव्हा झोळी तीच असते, मागणाराही तोच असतो; घेणारा तेवढा बदलतो. मागण्याचा हा जुना हक्क गावाने आधीच मान्य केलेला असतो, म्हणूनच ओळखीच्या संबळाला जे मिळते ते अनोळखी पावतीपुस्तकाला मिळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बिदरचा या विषयाशी आणखी एक जुना धागा आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बिदरच्या बहमनी सत्तेचे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, आणि विठू महाराच्या रूपाने विठ्ठलाने बिदरच्या दरबारात त्या धान्याची किंमत भरली, अशी कथा आहे. कीर्तनाच्या उत्तररंगात हे आख्यान पिढ्यान्‌पिढ्या रंगत आले आहे. आपद्ग्रस्तांसाठी मागायला उभ्या राहिलेल्या कीर्तनकाराला याहून चपखल आख्यान सापडणार नाही: देणारा स्वतः चाकर आहे, दिलेले धान्य त्याचे नाही आणि हिशेब शेवटी चुकता होतो.

विसाव्या शतकात या जुन्या मागण्याला सार्वजनिक निधीचे रूप आले. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनातून माणसे जोडली आणि त्यांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या. खंजिरीवर भजन म्हणणारे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) कोयनेच्या भूकंपानंतर मदतकार्यात उतरले. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. शाहिरीत याचा मोठा टप्पा बंगालच्या दुष्काळाचा आहे. त्या दुष्काळाच्या मागे पाणीही होते. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले, समुद्र आत घुसला, उभे भात बुडाले आणि गुरे वाहून गेली. युद्धकाळातली धोरणे आणि साठेबाजी यांची त्यात भर पडली. मे १९४३ मध्ये मुंबईत भारतीय जननाट्य संघ (इप्टा) स्थापन झाला. बिनय रॉय यांच्या बंगाली पथकाने मुंबईसह देशात ठिकठिकाणी फिरून गाण्यांवर निधी जमवला. अण्णाभाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. १९४४ मध्ये त्यांनी बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. हजार मैलांवरचे दुःख गिरणगावातल्या कामगाराच्या दारात आणायला डफ-तुणतुणे पुरते, हे त्या काळाने दाखवून दिले. बंगालचा बुडालेला शेतकरी आणि सातारा-रत्नागिरीतून मुंबईत आलेला कामगार यांची भाषा एक नव्हती; भूक दोघांच्या ओळखीची होती.

जगात या प्रकाराचे एक गाजलेले उदाहरण १ ऑगस्ट १९७१ चे, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधले. १२ नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळाने आणि नंतरच्या युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या बांगलादेशासाठी रविशंकर यांनी जॉर्ज हॅरिसन यांना गळ घातली. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी ‘बांगला धुन’ वाजवली. तिकिटांतून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर जमले आणि युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिका व चित्रपटाच्या उत्पन्नातला मोठा वाटा मात्र करविषयक वादात कित्येक वर्षे अडकून पडला. गावातल्या फेरीचे मोठेपण इथे कळते. रक्कम लहान असते, पण सकाळी जमलेली ज्वारी त्याच संध्याकाळी शिजू शकते.

फेरीची पद्धत साधी आहे. पेटी, पखवाज किंवा ढोलकी, टाळ आणि डफ असे चार-सहा जण पुढे चालतात. मागे चादरीची टोके धरलेली माणसे आणि एक वहीवाला. आठवडी बाजाराचा दिवस सर्वांत चांगला. दुकानासमोर एक-दोन कडवी म्हणायची, कोणत्या गावात किती घरे पडली ते मोजक्या शब्दांत सांगायचे आणि पुढे सरकायचे. रक्कम पुकारायची ती एकावन्न, एकशे एक अशी. वेळेचा हिशेबही महत्त्वाचा. पूर बहुधा भाद्रपद-आश्विनात येतो. तेव्हा कलबुर्गीची तूर रानात उभी असते. ती हातात यायला पौष उजाडतो. देणाऱ्याच्या कनवटीलाही त्या दिवसांत रोकड कमी, म्हणून सुपात धान्य येते, चादरी येतात, बरण्यांतून तेल येते. पण हेच दिवस गणपतीचे आणि नवरात्राचे. कलावंत आधीच बाहेर पडलेले असतात आणि माणसे एकत्र जमलेली असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडाल्यावर अनेक गणेश मंडळांनी रोषणाई-मिरवणुकीचा खर्च कमी करून ती रक्कम पूरग्रस्तांना दिली.

विश्वास टिकतो तो हिशेबावर. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खाली अशा वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. देणगीवरची प्राप्तिकराची सवलत २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, त्यामुळे मोठ्या देणगीदाराला धनादेश किंवा बँकेचा मार्ग सांगावा लागतो. चादर उलटल्यावर पैसे सर्वांसमोर मोजावेत, आकडा तिथेच मोठ्याने वाचावा आणि पोहोच मिळाली की गावाच्या फळ्यावर लावावी, एवढे केले तरी पुढच्या वर्षी दार उघडे राहते. जुने, फाटके कपडे मात्र नम्रपणे नाकारावेत. पूरग्रस्त गावात त्यांचे ढीग लागतात आणि ते उचलण्याचे काम थकलेल्या माणसांवरच येऊन पडते.

एका बाजूकडे फारसे लक्ष जात नाही. गाणारा स्वतःही अनेकदा नदीकाठच्या पडक्या घरातच राहत असतो. डफ, संबळ, पखवाज ही कातड्याची वाद्ये; पाण्यात भिजली की कातडे सैल पडते, पखवाजाची शाई सुटते, वाद्या कुजतात. पेटीचा भाता फाटतो आणि सूर गंजतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत घर, पीक, जनावर, कपडे-भांडी यांना स्थान आहे. हस्तकारागीर व विणकरांच्या अवजारांनाही आहे. वादकाच्या वाद्याचा वेगळा उल्लेख नाही. विणकराला मागाची भरपाई मिळू शकते, तर गोंधळ्याला संबळाची का मिळू नये, हा प्रश्न दोन्ही राज्यांच्या महसूल खात्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. तोवर मदतफेरीच्या वहीतच वाद्यदुरुस्तीचा एक रकाना आखावा, आणि त्यातली रक्कम पुरात सापडलेल्या गावच्या भजनी मंडळाला नवरात्राआधी पोचवावी.