तगाई ते सन्मान निधी: शेतकरी ठरतो कशावरून?

५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. त्यातला एक तपशील मात्र सहसा निसटतो. मदतीची कसोटी तिथे मालकी नव्हे, कसण्याची कुवत होती. अंगी बळ असून बैल-बियाण्याविना अडलेल्या कुणब्याला बैलांसाठी पैसा, पोटासाठी व पेऱ्यासाठी धान्य द्यावे. पुढे व्याज न लावता मुद्दलच हळूहळू घ्यावे.

इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाई चालू ठेवली. पण ती व्याजी, आणि थकली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होणारी. (सावकाराचे दार सुटले नाही, यात नवल ते काय?)

२०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात. परतफेड नाही, हा मोठाच फरक. पण पात्रता सातबाऱ्यावरच्या नावाची. चिंचवड ते चाकण पट्ट्यात ज्यांच्या जमिनी संपादनात गेल्या, त्यांचे नाव उताऱ्यावरून गेले. उरलेल्या रानात दुसऱ्याचे शेत वाट्याने कसणाऱ्याचे तर तिथे कधी नव्हतेच.

रामाजी अनंतांना गावोगाव फिरून, कुणबी गोळा करून कोणाकडे किती बैल, किती माणूसबळ हे पाहायचे होते. आज ई-केवायसी करावी लागते.