फोनला आधीच पाठ असलेले बिट

मोबाइल टॉवर फोनकडे जे पाठवतो, त्यातला काही भाग फोनला आधीपासूनच पाठ असतो. त्यात ना आवाज, ना मजकूर, ना चित्र. तरीही तो गाळला तर बाकीचे सगळे वाचणे मुश्कील होते.

टॉवरवरून निघालेली लहर फोनपर्यंत एकटी येत नाही. इमारतींवर, डोंगरांवर, बसच्या पत्र्यावर आपटून तिच्या अनेक प्रती मागेपुढे पोचतात. कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे पुसून टाकतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटीमीटर, म्हणजे फोन वीतभर सरकला तरी चित्र पालटते. ही मोडतोड मोजायचा भरवशाचा मार्ग म्हणजे ठाऊक असलेले काही पाठवून काय पोचते ते पाहणे. वजनमापे निरीक्षक प्रमाणित वजन ठेवून काट्याची चूक काढतो, तसेच हे.

अशा ठाऊक, म्हणजेच संदर्भ संकेतांचे एक मूळ तारेत सापडते. टेलिफोनच्या तारेवरून जाताना डेटा विकृत होई. ती विकृती आपोआप दुरुस्त करणारा इक्वलायझर बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट लकी यांनी १९६५ मध्ये मांडला. आधी ठाऊक स्पंदने पाठवायची, त्यांवरून इक्वलायझर जुळवायचा आणि मग मजकूर सोडायचा. तार जागची हलत नाही, त्यामुळे एकदा केलेले मोजमाप बराच वेळ टिके. धावत्या गाडीतल्या फोनला ही सोय कुठली!

म्हणून जीएसएमच्या रचनाकारांनी ठाऊक बिट मजकुराच्या पोटातच घातले. जीएसएमचा एक बर्स्ट, म्हणजे एका दमात पाठवलेला तुकडा, १४८ बिटांचा, अर्ध्या मिलिसेकंदाहून जरासा मोठा. त्याच्या बरोबर मध्यभागी २६ ठरलेले बिट आणि दोन्ही अंगांना मजकुराचे ५७-५७. ठरलेले बिट सुरुवातीला ठेवले असते, तर शेवटच्या बिटापर्यंत मोजमाप शिळे होत गेले असते. मध्ये ठेवल्याने कोणताही बिट मोजमापापासून फार लांब राहत नाही. त्यासाठी फोनला पहिला अर्धा भाग साठवून ठेवावा लागतो आणि मधले बिट वाचून झाल्यावर मागे वळून तो उलगडावा लागतो. संदर्भ संकेतांच्या साऱ्या कुळात मला हीच निवड सर्वांत देखणी वाटते. त्या २६ बिटांच्या आठ जुळण्या ठरवल्या आहेत, आणि त्या अशा, की जुळणीचा गाभा थोडा सरकवला की स्वतःशीच त्याचा मेळ बसत नाही. त्यामुळे मागाहून आलेला प्रत्येक प्रतिध्वनी वेगळा ओळखता येतो.

क्वालकॉमच्या सीडीएमएने दुसरी वाट धरली. तिथे पायलट, म्हणजे संदर्भ संकेत, अखंड चालू असतो आणि सगळ्या फोनांना सामाईक असतो. ३२,७६८ चिपांची, म्हणजे बिटाहून आखूड स्पंदनांची, मालिका सर्व टॉवरांची एकच, फक्त प्रत्येकाची वेळ वेगळी सरकवलेली. हे घड्याळ जुळवायला जीपीएस लागते.

पुढे डेटा अनेक उपवाहकांवर वाटून पाठवणारे ओएफडीएम आले. मोबाइल रेडिओसाठी ही पद्धत १९८५ मध्ये सुचवताना लेनर्ड सिमिनी यांनी पायलटच्या आधारे दुरुस्तीही मांडली होती. फोर-जीमध्ये वेळ आणि वारंवारता यांची जाळी असते. १२ उपवाहक आणि १४ चिन्हे मिळून १६८ घरे होतात. त्यांतली आठ एका अँटेनाच्या संदर्भ संकेतांना दिलेली. मधल्या घरांचा अंदाज फोन त्यांच्यावरून बांधतो. दुसऱ्या अँटेनाला आणखी आठ, आणि एक बोलत असताना त्या घरात दुसरी गप्प. हे सगळे रात्री तीनला, कुणीही फोन वापरत नसतानाही चालू राहते. वीज जाते, शेजारच्या टॉवरला उपद्रव होतो. २०१८ मध्ये ठरलेल्या फाइव्ह-जीच्या पहिल्या मानकाने हा खर्च थांबवला. ओळखीपुरते संकेत अधूनमधून पाठवायचे आणि मजकूर वाचण्यासाठी लागणारे संदर्भ संकेत त्या मजकुरासोबतच, त्याच झोतातून सोडायचे.

टॉवरवर अँटेना डझनांनी वाढवायच्या, तर प्रत्येकीसाठी वेगळा पायलट परवडत नाही. बेल प्रयोगशाळेचेच टॉमस मार्झेट्टा यांनी २०१० मध्ये दिशा उलटी केली. पायलट फोनने पाठवायचा, मोजायचे टॉवरने. जाणे-येणे एकाच वारंवारतेवर असले की दोन्हीकडची वाट सारखीच. पण एकमेकांत न मिसळणारे पायलट मोजकेच असतात. शेजारच्या क्षेत्रात तोच पायलट वापरला, की टॉवरला दोन फोनांची सरमिसळ ऐकू येते. अँटेना कितीही वाढवल्या तरी ही मर्यादा हटत नाही, असे त्यांचे गणित सांगत होते. २०१८ मध्ये ब्योर्नसन, हॉयडिस आणि सांग्विनेट्टी यांनी दाखवून दिले, की दोन फोनांच्या लहरी ज्या ज्या दिशांनी येतात त्यांची सरासरी ठेवण पुरेशी वेगळी असेल आणि टॉवरला ती माहीत असेल, तर पायलट एकच असूनही त्यांना वेगळे काढता येते.