पॉम्पेई: दुपारी एक ते सकाळी साडेसात

इ.स. ६२. मोठा भूकंप. सतरा वर्षांनीही पॉम्पेईत डागडुजी संपलेली नाही. इ.स. ७९ मध्ये पुन्हा हादरे सुरू होतात. कॅम्पानिया प्रदेशाला ते सवयीचे. कुणी फारसं मनावर घेत नाही, असं धाकटा प्लिनी पुढे लिहितो. (उद्रेकाची तारीख पूर्वापार २४ ऑगस्ट मानतात. पण २०१८ साली एका भिंतीवर कोळशाने लिहिलेला १७ ऑक्टोबरचा मजकूर मिळाला. मला ऑक्टोबरच पटतो.)

दुपारी १ च्या आधी. मोडेस्टसच्या बेकरीत भट्टीला लोखंडी झाकण लावलंय. आत ८१ गोल पाव, प्रत्येकावर आठ तुकड्यांच्या खाचा. ते बाहेर निघतील १८६२ साली, कोळसा होऊन, खाचांसकट. दुसऱ्या घरात ३७ दिवे आणि गॉलहून आलेले ९० लाल वाडगे पेटीतच आहेत; पेटी सोडायला अजून सवड मिळालेली नाही. आणखी एका घरात भारतातून आलेली वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती. १९३८ मध्ये ती सापडेल. तिच्या जातीच्या मूर्ती पुढे मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला मिळतील.

दुपारी १. व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर ढग. मिसेनमला आरमारप्रमुख थोरला प्लिनी जेवून वाचत पडलाय. बहीण त्याला ढग दाखवते. तो हलकी नाव मागवतो, भाच्याला, म्हणजे धाकट्या प्लिनीला, विचारतो, चलतोस का? सतरा वर्षांचा भाचा मामानेच दिलेलं लेखन पुरं करायला घरी थांबतो. निघता निघता रेक्टिना नावाच्या बाईची चिठ्ठी येते: डोंगराच्या पायथ्याशी अडकलेय. मामा मोठी जहाजं काढतो.

दुपारनंतर. वारा आग्नेयेकडे, म्हणजे पॉम्पेईवर. प्युमिसचे खडे ताशी सुमारे १५ सेंटीमीटर साचताहेत. खडे हलके आहेत, त्यातून चालता येतं. आत्ता निघालेले वाचू शकतात. बरेच जण निघतात. बाकीचे दारं लावून घेतात.

संध्याकाळ. छपरं कोसळू लागतात.

रात्र. थोरला प्लिनी रेक्टिनाऐवजी स्टाबिए गावाला पोचलाय. तो अंघोळ करतो, जेवतो, झोपतो. दाराबाहेर त्याचं घोरणं ऐकू येतं. अंगणातला थर दार अडवेल म्हणून त्याला उठवतात.

रात्री १ च्या सुमारास. शेजारच्या हर्क्युलेनियम गावावर दिवसभर फारसं काही पडलेलंच नाही. किनाऱ्यावरच्या नौकागृहांत सुमारे ३०० माणसं दाटीवाटीने थांबलीत. तप्त वायू आणि राखेचा लोट डोंगरावरून थेट तिथे उतरतो.

पहाट. पॉम्पेईत खड्यांचा मारा ओसरतो. थर २.८ मीटर. काही जण वरच्या मजल्यावरून त्यावर उतरून चालू लागतात. जवळ नाणी, दागिने, घराच्या किल्ल्या. म्हणजे निघताना कुलपं लावली होती.

सकाळी ७:३० च्या सुमारास. तसाच लोट पॉम्पेईत शिरतो. चालणारे थरावरच पडतात.

त्याच सकाळी स्टाबिएच्या किनाऱ्यावर थोरला प्लिनी कोसळतो. भाच्याने मामाची ही हकीकत पत्रात लिहून ठेवली. रेक्टिनाचा त्यात पुढे उल्लेख नाही.