स्वप्रकाशित मराठी कादंबरीचा रिव्ह्यू कसा लिहायचा? सॅम्पल वाचण्यापासून स्टार देण्यापर्यंत

हडपसर गाडीतळावरून स्वारगेटची बस पकडली की ट्रॅफिकच्या कृपेने वाचायला भरपूर वेळ मिळतो. बसमध्ये बरेच जण रील्स बघत असतात, पण मोबाईलवर मराठी कथा-कादंबऱ्या वाचणारेही कमी नाहीत. यातल्या कितीतरी कादंबऱ्यांना प्रकाशकच नसतो. लेखकाने स्वतः टाइप केलं, स्वतः कव्हर बनवलं आणि स्वतःच अपलोड केलं. अशा पुस्तकांना स्वप्रकाशित किंवा सेल्फ-पब्लिश्ड म्हणतात.

प्रकाशकाकडून येणारं पुस्तक आधी संपादक वाचतो, मुद्रितशोधक तपासतो, मग पेपरात परीक्षण येतं. स्वप्रकाशित पुस्तकाच्या वाट्याला यातलं बहुतेक काहीच येत नाही. त्याला पहिला अनोळखी वाचक भेटतो तो तुम्हीच. पेजवर एकूण तीनच रिव्ह्यू असतील, तर तुमचा चौथा रिव्ह्यू पुढच्या माणसाचा निर्णय बदलू शकतो. म्हणून तो नीट कसा लिहायचा ते पाहू.

पुस्तक कुठलं, हे आधी ओळखा

ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची ई-पुस्तकं आणली. आज किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या सेवेतून कुणीही मराठी ई-बुक टाकू शकतो. पुस्तक किंडल अनलिमिटेडमध्ये असेल तर लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशोबाने पैसे मिळतात. त्यासाठी त्याला ९० दिवसांची अट पाळावी लागते, ती म्हणजे तेवढ्या काळात त्या पुस्तकाची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही ठेवायची नाही. 'हे प्रतिलिपीवर फुकट का नाही?' अशी कमेंट करून स्टार कापण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

प्रतिलिपीचा मामला वेगळा आहे. २०१४ साली सुरू झालेल्या या बंगळुरूच्या ॲपवर कादंबरी भागाभागाने येते. प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी दार ठोठावतं नाहीतर फोन वाजतो, कारण वाचकाने पुढचा भाग उघडावा ही त्या प्रकाराची गरजच असते. सलग कादंबरीचे निकष तिला जसेच्या तसे लावले तर अन्याय होईल. मात्र रिव्ह्यूमध्ये 'मी पहिले ३० भाग वाचले' असं स्पष्ट लिहा. पाच भाग वाचून संपूर्ण कथेला पाच स्टार देणाऱ्यांमुळेच तिथल्या रेटिंगवर विसंबणं अवघड होऊन बसलंय.

ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्था मराठी पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत देतात. पीडीएफचं पान छापल्यासारखं घट्ट असतं. सहा इंची स्क्रीनवर ते बोटांनी मोठं करत वाचावं लागतं, तर ई-पब फाईलमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. डोळे दुखले ते फाईलमुळे की भाषेमुळे, हे वेगळं सांगितलं तर लेखकालाही उपयोग होतो.

'दुसर्या' की 'दुसऱ्या'?

मराठी ई-बुकचा रिव्ह्यू इंग्रजी ई-बुकपेक्षा वेगळा ठरतो तो इथे. मराठीत बराचसा मजकूर वर्षानुवर्षं श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप होत आला. त्यात संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षरं नव्हतीच, इंग्रजी कळांवर मराठी आकार बसवलेले होते. असा मजकूर कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणला की अक्षरं इकडची तिकडे होतात. वेलांटी एक घर पुढे सरकते, रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतो.

सगळ्यात जास्त मार खातो तो 'ऱ्य'. 'दुसऱ्या', 'दऱ्या', 'सुऱ्या' या शब्दांतला अर्धा र मराठीची खास ओळख आहे. पण फाईलमध्ये 'ऱ' ऐवजी साधा 'र' गेला की 'दुसर्या' दिसतं, आणि 'आचाऱ्याला' चा 'आचार्याला' झाला की स्वयंपाक्याचा एकदम गुरुजी होतो! असं दर पानावर दिसलं तर खुशाल लिहा, कारण अपलोड करण्याआधी फाईल फोनवर उघडून पाहिली असती तर हे टळलं असतं.

याउलट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसले तर लेखकाला दोष देऊ नका. ते आकार फोनमधल्या फॉन्टवर आणि भाषेच्या सेटिंगवर ठरतात. ॲपमध्ये फॉन्ट बदलायची सोय असेल तर एकदा बदलून पाहा.

सॅम्पलचा वापर याचसाठी करायचा. किंडलवर साधारण पहिला दहा टक्के भाग फुकट वाचता येतो. तेवढ्यात शुद्धलेखन, संवादाची धाटणी आणि फाईलची अवस्था कळते. कथा कशी आहे ते मात्र कळत नाही. म्हणून नुसत्या सॅम्पलवर रिव्ह्यू लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक प्रकाराला वेगळी फूटपट्टी

रहस्यकथेत खुनी कोण ते कळल्यावर मागे जाऊन पाहा. खुणा आधी पेरलेल्या होत्या का? शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ उगवत असेल तर ती फसवणूक आहे. बाबुराव अर्नाळकरांपासून मराठी वाचक रहस्यकथा चवीने वाचत आलाय, त्याला एवढं कळतं.

भयकथेत मी एकच गोष्ट बघतो: भूत दिसण्याआधी भीती वाटली का? नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या वाचकाला कोकणातला पडका वाडा आणि अमावास्या एवढ्यावर गार करता येत नाही.

ऐतिहासिक कादंबरीला सगळ्यात जास्त तपासावं लागतं आणि तिथेच आपण सगळ्यात भाबडे असतो. यादवकाळातला सैनिक भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाताना दिसला की थांबा. मिरची मूळची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि वास्को द गामा कालिकतला उतरला तोच १४९८ साली. देवगिरीचं राज्य त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी संपलं होतं. बटाट्याचंही तेच. कादंबरीकाराला कल्पनेचं स्वातंत्र्य आहेच, पण हे स्वातंत्र्य नव्हे, हा आळस आहे. रिव्ह्यूमध्ये प्रसंग सांगून लिहा. 'इतिहासाची मोडतोड' असं मोघम लिहिलं की उगाच भांडण पेटतं आणि चूक तशीच राहते.

विज्ञानकथेत लेखकाने ठरवलेला नियम लेखकानेच पाळला का, ते पाहा. प्रेमकथेत संवाद पाहा. ग्रामीण कादंबरीत बोली पानापानाला बदलत नाही ना, एवढं बघा.

स्थानिक वाचकाची खरी ताकद मात्र ओळखीच्या जागांत आहे. कादंबरीतला नायक संध्याकाळी सात वाजता गाडीतळावरून निघून दहा मिनिटांत शनिवारवाड्यावर पोचत असेल, तर हडपसरचा वाचक हसणारच. मगरपट्टा सिटीवर कुणी लिहिलं आणि सगळं बाहेरच्या बिल्डरने उभारलं असं दाखवलं, तर तिथे शेतकरी कुटुंबांनीच जमिनी एकत्र करून ते शहर वसवलं हे तुम्ही सांगू शकता. हे कुणी मोठा समीक्षक सांगेलच असं नाही.

ओळखीचं नाव, अनोळखी नाव

जयंत नारळीकरांनी १९७४ च्या सुमारास मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नावामुळे निर्णय झुकू नये एवढीच त्यामागची काळजी होती.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. लेखक मित्र असतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक येते, 'पाच स्टार टाका रे' म्हणून आग्रह होतो. ॲमेझॉनच्या नियमांनुसार घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी रिव्ह्यू देणं चालत नाही. 'तू माझं कर, मी तुझं करतो' हेही चालत नाही, आणि पैसे घेऊन लिहिणं तर नाहीच. असे रिव्ह्यू काढून टाकले जातात. लेखकाने मोफत प्रत दिली तर हरकत नसते, फक्त त्या बदल्यात रिव्ह्यूची अट नको. प्रत मोफत मिळाली हे पहिल्याच ओळीत सांगून टाका. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानकही आहे. ते ऐच्छिक असलं तरी त्याचा रोख पैसे देऊन घडवलेल्या खोट्या रिव्ह्यूंवरच आहे.

पुस्तकातल्या ओळी देता येतात का? येतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा आहे. दोन-चार वाक्यं उद्धृत करणं ठीक, पण प्रकरणाचे स्क्रीनशॉट स्टेटसला लावणं किंवा टेलिग्रामवर फाईल टाकणं म्हणजे समीक्षा नव्हे.

मग लिहायचं काय?

'खूप छान, अप्रतिम, वाचाच' यातून वाचकाला काही कळत नाही, आणि 'बकवास' मधून लेखकाला काही कळत नाही. खाली एका काल्पनिक पुस्तकाचा नमुना देतो:

'किंडलवर पूर्ण वाचली. रहस्यकथा आहे, साधारण चार तास लागले. पहिली पाच प्रकरणं संथ, पण बाजार समितीतली पात्रं आणि त्यांची भाषा अस्सल. गुन्हेगाराचा अंदाज मला आला नाही आणि शेवट वाचल्यावर खुणा सापडल्या. पोलीस तपासाचा भाग मात्र सिनेमात पाहिल्यासारखा वाटतो. "ऱ्य" सगळीकडे चुकलाय. हळू चढणारं रहस्य आवडणाऱ्यांनी घ्यावी. तीन स्टार.'

यात रहस्य फुटलेलं नाही आणि तीन स्टार का, तेही कळतं. शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर आधी ठळक सूचना द्या.

अजून एक. ई-बुकची फाईल लेखक नंतर दुरुस्त करून पुन्हा चढवू शकतो. तुम्ही दाखवलेल्या चुका सुधारल्या असतील तर प्रोफाइलमधून आपला जुना रिव्ह्यू उघडा, एडिट करा आणि 'नवी फाईल पाहिली' असं तारखेसकट लिहा.