मुंबईच्या झिलईला सिंधचे पाणी

महाराष्ट्रातल्या कुंभाराने आपल्या भांड्यांना काचेची झिलई फारशी दिली नाही आणि गिऱ्हाइकानेही ती मागितली नाही. चाकावरून उतरलेला घडा जरा सुकला की आतून गुंडा धरायचा, बाहेरून थापीने ठोकायचा, गेरूचा हात द्यायचा आणि आव्यात भाजायचा. अशा माठाच्या अंगातून पाणी झिरपते, वाऱ्यावर उडून जाते आणि आतले पाणी गार होते. त्यावर काच चढवली तर माठ घ्यायचा कशाला?

सिंधमध्ये मात्र मशिदी आणि मकबऱ्यांच्या भिंतींनी झिलईला आश्रय दिला. हाला, ठट्टा, हैदराबाद इथल्या कारागिरांच्या हाती लाल मातीच होती. पारदर्शक काचेखालून तो लाल रंग दिसला की निळाई मळते, म्हणून आधी पांढऱ्या मातीचा लेप, त्यावर नक्षी आणि मग झिलई. गारेची पूड आणि सज्जीखार भट्टीत वितळून त्यांची काच होई. रंगांची किमया धातूंची: कोबाल्टने गडद निळा, मँगनीजने जांभळट तपकिरी. तांबे तर झिलई पाहून रंग बदलते. सज्जीखाराच्या झिलईत ते फिरोजी दिसते, शिशाच्या झिलईत हिरवे.

१९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्यामुळे तिथली भांडी मुंबईकरांच्या नजरेत होती.

जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तिथले शिक्षक जॉर्ज टेरी यांनी झिलईच्या भांड्यांचा ध्यास घेतला. त्यांच्या ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’त दोन वळणांची भांडी घडली. एक सरळ सिंधी धाटणीचे, दुसरे अजिंठ्याचे. हे दुसरे वळण त्या काळाला धरूनच होते. १८७२ ते १८८५ या काळात कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे उतरवून घेत होते. छतांवरची फुले, वेली, हंस अशा रीतीने सुरयांच्या आणि फुलदाण्यांच्या गोलाईवर आले.

जॉर्ज बर्डवुड यांनी हिंदुस्थानातल्या कलाकारागिरीवरच्या १८८० च्या ग्रंथात टेरींच्या या खटपटीची दखल घेतली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ही भांडी आजही आहेत. ती घडली होती दिवाणखान्यासाठी आणि प्रदर्शनासाठी. मुंबईच्या चाळीत पाणी भरायला माठच लागे.

मराठी स्वयंपाकघराने झिलई स्वीकारली ती लोणच्यासाठी. मीठ आणि आंबट खार सच्छिद्र मातीतून पाझरतो, तेल मुरते. शिशाची झिलई असेल तर आंबटाने शिसे सुटण्याचे भय. चिनी मातीच्या बरणीत यातले काही होत नाही. ती बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली जाते, तिचे अंगच दगडासारखे घट्ट होते आणि झिलई त्याला एकजीव होऊन बसते. वर तपकिरी, खाली पांढरी अशी ती बरणी मग फडताळात वर्षभराचे लोणचे सांभाळू लागली.